नवतपा आणि काचेतला समुद्र

प्रश्न : दक्षिण नागपुरात राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. डिसेंबरात मालवणला जाऊन आल्यापासून त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला समुद्री माशांचं वेड लागलंय. त्याला घरात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश हवे आहेत. दुकानदार म्हणतो, ‘समुद्री टाकी आता सोपी झाली, तयार मीठ मिळतं, पाण्यात टाकलं की झालं.’ नातेवाईक म्हणतात, आधी गोड्या पाण्याची टाकी लावा. बाई लिहितात, ‘पण सासऱ्यांनी एकदा काचेच्या बाउलमध्ये दोन गोल्डफिश आणले होते, तेही आठ दिवसांत गेले. गोड्या पाण्यातले मासेही मरणारच असतील, तर थेट समुद्रीच का नको? शिवाय गोड्या पाण्याची टाकी म्हणजे मुलांचा खेळ वाटतो.’ घर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. हॉल पश्चिमेचा, तिथे कुलर. एसी फक्त बेडरूममध्ये. दर मे महिन्यात बाई मुलाला घेऊन दहा दिवस पुण्याला माहेरी जातात, तेव्हा घरी सासूबाई असतात. बजेट चाळीस हजार. गोडं की खारं?

उत्तर :

नमस्कार,

पत्रात तुम्ही मासे, रंग, मीठ, पैसे या सगळ्याविषयी लिहिलंत. पश्चिमेच्या हॉलचा उल्लेख मात्र ओघात येऊन गेलाय, आणि तुमचा निर्णय त्या हॉलवरच ठरणार आहे. गोडं की खारं हे ठरवण्याआधी एक आकडा हवा : तुमच्या हॉलमध्ये ठेवलेल्या पाण्याचं तापमान मे महिन्यात संध्याकाळी किती असतं? तो हाती नसताना कुणीही, दुकानदारानं किंवा नातेवाइकांनी, दिलेला सल्ला अंदाजच आहे.

पण आधी त्या दोन गोल्डफिशबद्दल. ते गोड्या पाण्यातले होते म्हणून गेले नाहीत. बाउलमध्ये पाणी मावतं चार-पाच लिटर. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि रेतीवर जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू रुजायला तीन ते सहा आठवडे लागतात. बाउलमध्ये त्यांना रुजायला ना जागा असते, ना वेळ. त्यात पाणी गढूळ दिसलं की आपण सगळं ओतून नळाचं ताजं, क्लोरीनचं पाणी भरतो, म्हणजे जे थोडे जिवाणू आले असतील तेही जातात. समुद्री टाकीतही हीच घडी बसावी लागते, आणि तिथे चूक जास्त महाग पडते. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या पीएचवर ठरतो. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्काच भाग विषारी रूपात असतो. समुद्री टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास ठेवावा लागतो, तिथे तोच हिस्सा साधारण दहापट होतो. आठ दिवसांत गोल्डफिश गेले, तेवढ्याच निष्काळजीपणात क्लाउनफिश दोन दिवसही काढणार नाहीत.

आता हॉल. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, रात्रीही घर निवत नाही. वर गच्ची तापलेली, पश्चिमेची भिंत तापलेली. कुलर चालू असला तर खोली सुसह्य होते, पण दुपारी कुलर बंद करून सगळे एसीत जाऊन झोपलात तर टाकी हॉलमध्येच असते. अशा खोलीत टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर जायला वेळ लागत नाही. क्लाउनफिशला २४ ते २७ अंश मानवतात. २९-३० थोडे दिवस तो सोसेल, त्यापुढे त्याचे हाल आहेत. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि खाऱ्यात आणखी कमी. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम विरघळतो. ३२ अंशांच्या समुद्री पाण्यात सुमारे ६. त्याच वेळी गरमीनं माशाचा श्वास वाढलेला असतो. अशात दुपारी तीनला लाइट गेली, पंप थांबले, की तास-दोन तासांत मासे पृष्ठभागाला येऊन तोंडं उघडू लागतात.

ओढ्यातळ्यांतले मासे पूर, दुष्काळ, ऊन, गाळ यांतून पिढ्यान्‌पिढ्या गेलेले आहेत. प्रवाळबेटांवरचे मासे अशा पाण्यात वाढतात जिथे वर्षभरात खारटपणा जवळजवळ हलत नाही आणि तापमानही फार बदलत नाही. त्यामुळे समुद्री टाकी ‘अवघड’ आहे म्हणण्यापेक्षा ती चूक पोटात घालत नाही असं म्हणणं जास्त खरं. तुमच्या मुलाची आवड चुकीची नाही. मुद्दा एवढाच आहे की ती आवड नागपूरच्या त्या हॉलमध्ये कशी सांभाळायची.

तुम्ही गणित शिकवता, म्हणून थोडे हिशेब मांडू. ३६ × १८ × १८ इंचांची टाकी धरा. रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साधारण १६० लिटर पाणी. समुद्री पाण्याचा खारटपणा हजारात ३५ भाग, म्हणजे पहिल्या भरणीला सुमारे ६ किलो समुद्री मीठ, आणि दर पंधरवड्याला ३० लिटर पाणी बदलताना सव्वा किलोच्या आत-बाहेर. हे मीठ म्हणजे आपलं स्वयंपाकाचं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात. ते आरओच्या पाण्यात, वेगळ्या ड्रममध्ये, पंप लावून २४ तास मिसळायचं असतं. मासे असलेल्या टाकीत मीठ थेट कधीच टाकायचं नाही. घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडतो, म्हणजे पहिल्या भरणीलाच तीनशे ते पाचशे लिटर पाणी मोरीत जाणार. उन्हाळ्यात हे परवडतं का, ते तुमच्या इमारतीच्या पाण्यावर आहे.

दुसरा हिशेब तुमच्या पुण्याच्या दहा दिवसांचा. मे महिन्यात अशा टाकीतून पंख्याखाली रोज दोन लिटर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दहा दिवसांत २० लिटर गेले आणि कुणी भर घातली नाही, तर १६० लिटरचं मीठ १४० लिटरमध्ये उरतं : ३५ चे ४० होतात. गोड्या पाण्याच्या टाकीत याच दहा दिवसांत पातळी अडीच-तीन बोटं उतरते, एवढंच. समुद्री टाकीत रोज साधं आरओचं पाणी, मीठ न घालता, खुणेपर्यंत भरावं लागतं. सासूबाईंनी चुकून खाऱ्या पाण्याच्या ड्रममधून भर घातली तर खारटपणा आणखी चढेल. हे काम करणारी फ्लोट लावलेली स्वयंचलित यंत्रणा मिळते, पण फ्लोट अडकला की २५ लिटरचा कॅन टाकीत रिकामा होतो. ती लावायची तर तुम्ही घरी असताना निदान महिनाभर चालवून पाहिलेली हवी.

तिसरा हिशेब गारव्याचा, आणि तो गोड्या पाण्यालाही तितकाच लागू आहे. अनेक घरांत बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडतात. १ लिटरची गोठवलेली बाटली १६० लिटर पाण्याला जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरवते. दोन फुटी, ५० लिटरच्या टाकीत तीच बाटली दोन अंशांचा झटका देते आणि दोन तासांत तापमान परत वर. याउलट १ लिटर पाणी वाफ होऊन जाताना पाचएक बाटल्यांइतकी उष्णता घेऊन जातं. आपला कुलर याच तत्त्वावर चालतो. म्हणून टाकीचं झाकण काढून, वर जाळी टाकून, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी दोन ते चार अंश खाली येतं. दोन अडचणी आहेत. त्याच खोलीत कुलर चालू असेल तर हवा आधीच दमट असते आणि पंख्याचा परिणाम घटतो. आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हवेतच पाणी असतं, तेव्हा पंखा फारसा उपयोगी नाही.

समुद्री टाकीसाठी खात्रीचा उपाय चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. पण चिलर पाण्यातली उष्णता खोलीतच सोडतो, म्हणजे बंद, तापलेल्या हॉलमध्ये तो स्वतःशीच झगडतो. २०० वॅटचा चिलर दिवसाला १२ तास चालला तर रोजचे २.४ युनिट, महिन्याचे ७२. तुमच्या चाळीस हजारांत टाकी, स्टँड, फिल्टर, प्रोटीन स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र), मीठ, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) बसेल. चिलर बहुधा बसणार नाही, आणि दुकानदारानं त्याचा उल्लेख केलेला दिसत नाही. टाकी बेडरूममध्ये ठेवून एसीच्या भरवशावर राहायचं, तर एसी दिवसाही चालवावा लागेल, तुम्ही पुण्याला असतानाही.

आणखी एक बाब दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीत, समुद्रघोडे, कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि विशाल शिंपला आहेत. ‘जिवंत खडक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दगडांवरही प्रवाळ असू शकतात. ते घेऊ नका, कुणी स्वस्तात दिले तरी. कोरडे दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे वापरले तर जिवाणू त्यांवरही रुजतात. क्लाउनफिशला समुद्रफुलाची (सी-ॲनिमोनीची) गरज नसते. तो त्याच्याशिवाय नीट जगतो, आणि समुद्रफूल नवख्या टाकीत बहुतेक वेळा कुजून सगळं पाणी नासवतं. मासे मागाल तेव्हा हॅचरीत वाढवलेले मागा. क्लाउनफिशची पैदास भारतात होते, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं तिचं तंत्र बसवलेलं आहे. इतर बरेच समुद्री मासे अजून समुद्रातूनच पकडून आणले जातात आणि नागपूरपर्यंत पोचताना खंगलेले असतात.

तर माझं मत : यंदा गोडं पाणी, पण टाकी अशी घ्या की पुढे समुद्रीही करता येईल. मुलांचा खेळ म्हणून नाही. नीट लावलेली, वनस्पतींनी भरलेली गोड्या पाण्याची टाकी ही स्वतःच पुरेशी मोठी गोष्ट आहे, आणि कदाचित वर्षभरानं तुम्हाला समुद्री टाकीची ओढ उरणारही नाही. उरली, तर हातात तुमच्याच घराचे आकडे असतील.

टाकी वर सांगितली तीच, १० मिलिमीटर काचेची. दोन फुटीपेक्षा तीन फुटी जास्त सोपी, कारण पाणी जितकं जास्त तितकं ते हळू तापतं आणि हळू बिघडतं. सगळं मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जाईल, म्हणून हॉलच्या मधोमध नको, बीमलगतच्या आतल्या भिंतीला, खाली थर्माकोलची शीट घालून, पाणसळ लावून. पश्चिमेच्या भिंतीला अजिबात नको. पुढे खारं पाणी भरायचा विचार असेल तर लोखंडी स्टँड टाळा, मिठानं तो गंजून जातो. प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही, आणि त्या सर्किटला ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असू द्या. कुलरचा शॉक काय असतो हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. टाकीतही तेच पाणी आणि तीच वीज.

फिल्टर म्हणून दोन मोठे स्पंज फिल्टर आणि एक चांगला एअर पंप पुरे. पंप पाच-सात वॅटचा असतो, तो घरच्या इन्व्हर्टरवर टाका. रेती बारीक, दोन इंच. वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, अनुबियास. गरमी सोसतात, कार्बन डायऑक्साइड सोडायची गरज नाही. दिवा सहा-सात तास, टायमरवर. पाणी पेंच-कन्हानचं नळाचं चालेल, १०० लिटरला साधारण १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातले अँटिक्लोरीनचे खडे, घालून. बोअरचं पाणी असेल तर घाबरू नका. जड पाणी मॉली, गप्पी, प्लॅटी यांना आवडतंच. फक्त नायट्रेट आधी तपासा, आपल्या भागात बोअरला ते बरेचदा जास्त असतं.

मग मासे न घालता टाकी चालवा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं आणि तीन दिवसांनी एकदा टेस्ट किटनं अमोनिया आणि नायट्राइट बघायचं. कागदी पट्ट्या नकोत, थेंबांचं किट घ्या. अमोनिया चढेल, मग उतरेल. नायट्राइट चढेल, मग उतरेल. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. आत्ता मार्चमध्ये सुरुवात केलीत तर एप्रिलअखेर तिथे पोचाल. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर त्याहून लवकर.

पहिले मासे : तीन पर्ल गुरामी. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे उन्हाळ्यात आणि लाइट गेल्यावर तो तगून राहतो. उरलेले, सहा मॉली आणि सात-आठ ब्लॅक विडो टेट्रा, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर आणा. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्या सुमारास. मॉलीत एका नरामागे दोन माद्या ठेवा. गोल्डफिश नको, त्याला गार पाणी लागतं. निऑन टेट्राही नको. आणि काच साफ करतो म्हणून दाखवतात तो सकरमाउथ तर नकोच, तो फुटाहून मोठा होतो.

पाणी आठवड्याला ३५ लिटर बदला. इथे एक धोका आपल्याच शहराचा आहे : मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं. बादल्या रात्री भरून ठेवा, सकाळी पाणी बदला, बादलीतल्या आणि माशांच्या टाकीतल्या पाण्यात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही. हिवाळ्यात रात्री दहा अंशांखाली जातात तेव्हा १५०-२०० वॅटचा हीटर लागेल, २५ अंशांवर लावलेला. डासांची कॉइल आणि फवारे त्या खोलीत वापरू नका, एअर पंप ती हवा थेट पाण्यात ढकलतो. बाहेर धूरफवारणी आली तर खिडक्या बंद, टाकीवर ओली चादर, पंप तेवढा अर्धा तास बंद.

पुण्याला जाताना खाण्याच्या कागदी पुड्या करून ठेवा, एक दिवसाआड एक, प्रत्येकीवर तारीख. डबा कपाटात कुलूपबंद. सासूबाईंवर अविश्वास म्हणून नाही. मासे काचेपाशी आले की ‘भूक लागली असेल’ असं कुणालाही वाटतं, आणि जास्तीचं खाणं उपासापेक्षा लवकर मारतं. धडधाकट मासे आठ-दहा दिवस काहीही न खाता राहतात.

आणि मुलाला त्याचं काम आजच द्या. एक वही, एक थर्मामीटर, सकाळी ७, संध्याकाळी ६, रात्री १०. पाणी हवेच्या मागून तापतं, म्हणून दुपारपेक्षा संध्याकाळचा आकडा महत्त्वाचा. तुम्ही पुण्याला असाल तेव्हा सासूबाई किंवा मुलाचे बाबा नोंदी करतील. १५ एप्रिल ते १५ जून या दोन महिन्यांत पाणी पंख्यानंच २८ अंशांच्या आत आणि दिवसभरात दोन अंशांहून कमी हलत राहिलं, तर समुद्री टाकी तुमच्या घरात चिलरशिवाय शक्य आहे. तुमच्या हॉलमध्ये तसं होण्याची शक्यता कमी वाटते. २८ ते ३१ दरम्यान राहिलं तर चिलरचे पैसे साठवायला लागा. त्याहून वर गेलं तर एसीशिवाय विषय नको. गुरामी आणि मॉली मात्र भरपूर हवा सोडली तर ३१-३२ पर्यंत निभावतात.

वही बघून पुढच्या हिवाळ्यात समुद्रीच करायचं ठरलं, तर तालीमही करता येते. एका ड्रममध्ये ४० लिटर खारं पाणी करा, मासे न घालता महिनाभर चालवा, रोज रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा आणि साध्या पाण्याची भर घाला. मोजलेला आकडा ३४ ते ३६ मध्ये टिकवता आला तर सगळ्यात कंटाळवाणा भाग तुम्हाला जमला. मॉली ही खाडीतही जगणारी मासोळी आहे. थेंबाथेंबानं, काही दिवसांत खारटपणा वाढवत नेला तर ती पूर्ण समुद्री पाण्यातही राहते. समुद्री टाकीतले पहिले मासे म्हणून तुमच्याच घरच्या चार मॉली टाका, दोन महिन्यांनी क्लाउनफिशची हॅचरीतली जोडी आणा. प्रवाळ नाही, समुद्रफूल नाही, फक्त मासे आणि दगड. अडलात तर तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या प्राध्यापकांना भेटून विचारा.

मॉलीची पिल्लं भराभर होतील, वर्षभरात टाकी दाटेल. ती शाळेतल्या मुलांना द्या, दुकानात परत द्या, पण फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडू नका. तळ्यात सोडलेला सकरमाउथ किंवा मॉली तिथल्या देशी माशांची जागा आणि अन्न बळकावतो, आणि एकदा वाढला की परत काढता येत नाही. मुलाला हे मासे घरी येण्याआधीच सांगून ठेवा.

शुभेच्छा.